कादंबरी चालून बघणारे सर

सरांचे कॅनव्हासचे बूट दाराबाहेरून नाहीसे झाले, की आमच्या चाळीत सगळ्यांना कळायचं, दादरच्या गृहस्थांची नवी कादंबरी आलेली आहे. खालचा इस्त्रीवाला मला हटकून विचारायचा, "काय, या खेपेला लालबाग का परळ?" त्याने ती कादंबरी आयुष्यात वाचली नसती. पण सर कोणत्या दिशेने गेले यावरून कादंबरी कुठे घडते हे त्याला पहिल्या दिवशीच समजायचं, आणि तेवढ्या माहितीवर तो गिऱ्हाइकांशी साहित्यचर्चा करायचा.

सर गिरगावात आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. कॉलेजात मराठीचे विभागप्रमुख होते. मराठीतले नावाजलेले समीक्षक. नावाजलेले म्हणजे लेखक ज्यांना समारंभात लांबून ओळखायचे आणि जवळ आले की ओळखायचे नाहीत, असे. दादरचे गृहस्थ म्हणजे खूप खपणारे आणि त्याहून खूप सत्कार झालेले कादंबरीकार. त्यांचं नाव सरांनी घरात कधी घेतलं नाही. 'दादरचे गृहस्थ' एवढंच. तिकडे ते गृहस्थ भाषणांतून सरांना 'गिरगावचे मास्तर' म्हणत. विभागप्रमुखाला मास्तर म्हटलेलं किती झोंबतं, हे विभागप्रमुखांच्या शेजारी राहिल्याशिवाय कळत नाही.

सरांची पद्धत अशी, की कादंबरी वाचून झाली म्हणून तिच्यावर लिहायचं नाही. आधी ती चालून बघायची. नायक सात रस्त्यावरून निघून लालबागला गेला असेल तर सर सात रस्त्यावरून निघून लालबागला जाणार. नायिकेला तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून समुद्र दिसला असेल तर सर तो जिना चढून, तिथे राहणाऱ्या अनोळखी बाईंची परवानगी मागून, खिडकीत उभे राहणार. समुद्र दिसला नाही तर बाईंना विचारणार, पूर्वी दिसत होता का. त्या बिचाऱ्या दचकून पाणी आणून द्यायच्या. "वाचताना डोळे फसतात," सर म्हणायचे, "पाय फसत नाहीत." हे वाक्य त्यांनी वर्गात इतक्या वेळा म्हटलं होतं, की आम्हा विद्यार्थ्यांना परीक्षेत काही सुचलं नाही की आम्ही तेच लिहून यायचो, आणि सर त्यालाही मार्क द्यायचे.

भांडणाची सुरुवात एका चहाने झाली.

दादरच्या गृहस्थांची जी कादंबरी घरोघर पोचली, तिच्या शेवटी नायकापुढे हॉटेलात चहा येतो. हॉटेल डिलाईल रोडवरचं. तेवढ्यात कोणी सांगतं की तुझा भाऊ कायमचा गाव सोडून चाललाय, चिंचपोकळी स्टेशनावर आहे. नायक चहा तसाच टाकून धावत सुटतो, भावाला गाठतो, वर्षानुवर्षांचं वैर मिटवतो, दोघं गळ्यात पडून रडतात, आणि भावाला घेऊन तो परत येऊन तोच 'वाफाळलेला' चहा दोघांत अर्धा अर्धा पितो. या चहावर अख्ख्या महाराष्ट्राने डोळे पुसले. आमच्या काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, पदर ओला केला.

सर डिलाईल रोडला गेले. एका हॉटेलात चहा मागवला, मालकाला बजावलं की हा कप उचलायचा नाही, आणि चिंचपोकळी स्टेशनाकडे धावत सुटले. तेव्हा त्यांचं वय धावण्याचं राहिलं नव्हतं. स्टेशनावर भाऊ नसल्यामुळे त्यांनी गळ्यात पडून रडण्याइतका वेळ एका खांबाशी उभं राहून काढला आणि परत आले. चहावर जाड साय धरली होती आणि सायीवर माशी बसली होती. मालक म्हणाला, "दुसरा आणू का?" सर म्हणाले, नको, मला हाच हवा होता.

त्यानंतर आलेल्या लेखाचं नाव 'निवलेला चहा'. लोक इतके हसले, की दादरच्या गृहस्थांना त्याच महिन्यात मिळालेला मोठा पुरस्कार झाकोळून गेला. सत्कारात शाल घालणाऱ्याने वर चहा देताना "गरम आहे हं" असं म्हटलं, आणि सभागृह हसलं. हे ते गृहस्थ विसरणं शक्यच नव्हतं. पुढच्याच भाषणात ते म्हणाले, गिरगावचे मास्तर कादंबरी डोक्याने वाचत नाहीत, तळपायाने वाचतात. त्यांना वाटलं घाव बसला. सर मात्र खुशीत आले. ते वाक्य त्यांनी काकूंना दोनदा वाचून दाखवलं.

काकूंचं या सगळ्यावर स्वतंत्र मत होतं आणि ते त्या लपवत नसत. घरात प्रत्येक कादंबरीच्या दोन प्रती यायच्या. सरांची प्रत पेन्सिलीने भोसकलेली. काकूंची प्लास्टिकचं कव्हर घालून कपाटात साड्यांच्या वर. "चहा गरम असो का गार," त्या म्हणायच्या, "प्यायला दोघं परत आले ना? मला तेवढं पुरे." समीक्षक म्हणून त्यांनी अनेकांना निरुत्तर केलं, पण हे वाक्य त्यांना कधी खोडता आलं नाही.

मी सरांची विद्यार्थिनी, आणि पुढे नोकरी मिळाली ती नेमकी दादरला, त्या गृहस्थांच्याच प्रकाशकाकडे, विक्री विभागात. त्यामुळे माझी पंचाईत झाली. सर मला 'शत्रूच्या गोटातली आमची मुलगी' म्हणायचे, तर दादरचे गृहस्थ ऑफिसात आले की मोठ्याने विचारायचे, "गिरगावचे हेर कुठे बसतात?" कादंबरी छापून आली की एक प्रत मी सरांना आणून द्यावी असं आमच्या मालकांना वाटे. सर घेत नसत. स्वतः दुकानात जाऊन विकत आणत. फुकट मिळालेल्या पुस्तकाची निंदा करताना जीभ जड होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांची जीभ कधी जड झालेली मी तरी पाहिली नाही.

या चालण्याला माणसं हसायची, पण मी बरोबर गेलेली आहे, आणि खोटं कशाला बोलू, मजा यायची. एका कादंबरीत नायिका चर्नी रोड स्टेशनावर उतरून ठाकूरद्वारला घरी पोचेपर्यंत तीन वेळा रडते. सरांनी मला नायिका केलं. तू फक्त चाल, म्हणाले, आणि कुठे रडता येईल ते सांग. पहिल्यांदा मी रडणार तोच एका फेरीवाल्याने "ताई, नॅपकिन?" म्हणून नॅपकिन पुढे केला. दुसऱ्यांदा सिग्नल सुटला आणि पळावं लागलं. पुढे मेट्रोसाठी रस्ता खणलेला होता, पत्र्यांच्या मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट, आणि मागची माणसं "चला, चला" करत होती. तिथे रडायला थांबले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या. सरांनी लेखात लिहिलं की या अंतरात एका बाईला सलग दुःख करण्याची सोय महानगरपालिकेने ठेवलेली नाही. हे वाक्य वाचून माझ्या ऑफिसातलीच माणसं टेबलाखाली हसत होती, कारण दादरचे गृहस्थ समोर बसले होते.

दुसऱ्या एका कादंबरीत नायक लोअर परळच्या पुलावर उभा राहून आयुष्यातला मोठा निर्णय घेतो. सर तिथे गेले तर पूल दुरुस्तीला काढलेला. कादंबरीची समीक्षा थांबली. पूल काही होईना. वर्षं गेली, कादंबरीच्या आवृत्त्या निघाल्या, आणि दादरचे गृहस्थ जाहीरपणे सांगत सुटले की या वेळी मास्तरांची दातखीळ बसली आहे. सर रोज पेपरात पुलाची बातमी आधी बघायचे. शेवटी पूल खुला झाला तेव्हा उद्घाटनाच्या गर्दीत पुढाऱ्यांच्या मागोमाग सर पुलावर होते. नायकाने म्हटलेलं मोठं स्वगत त्यांनी कठड्याला टेकून पूर्ण म्हटलं. एका पोलिसाने विचारलं, "काका, घरी कोणी आहे का?" त्याला वाटलं उडी मारतायत. सर म्हणाले, थांबा, अजून एक परिच्छेद आहे.

हे सगळं चाललं होतं तोवर बरं होतं. मग सरांचे गुडघे गेले.

एकदम नाही गेले. आधी परळ गेलं, मग लालबाग, मग कोपऱ्यावरची भाजी. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी हृदयाकडे बघून ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. वॉकर आला. दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं, आणि दाराबाहेरचे कॅनव्हासचे बूट तिथेच धूळ खात राहिले. काकू ते आठवड्यातून एकदा पुसून पुन्हा तिथेच ठेवायच्या. ते बघून मला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं.

सरांनी लिहिणंच सोडलं. पुरवण्यांचे संपादक फोन करत. लेखन बसून करायचं असतं, गुडघ्यांचा काय संबंध, असं त्यांना वाटे. सर त्यांना सांगत, "मी आता इतरांसारखा नुसता वाचतो." हे ते अशा आवाजात सांगत, की पलीकडचा माणूस काळजी घ्या म्हणून फोन ठेवून देई. मला एकदा म्हणाले, समीक्षक गेला, आता घरात एक म्हातारा आहे. काकू आतून म्हणाल्या, म्हातारा आधीपासून होता, समीक्षकामुळे दिसत नव्हता. सर हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

त्याच सुमारास ऑफिसात दादरच्या गृहस्थांनी मला विचारलं, हल्ली मास्तर गप्प का? मी सांगितलं, गुडघे गेले, गॅलरीबाहेर पडत नाहीत. ते चष्मा पुसत बसले.

आणि पुढच्या वर्षी त्यांची नवी कादंबरी आली. ज्यांचे नायक उभी मुंबई तुडवायचे, त्यांची ही कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका चाळीच्या एका गॅलरीत घडत होती. चाळ गिरगावातली. मजला दुसरा.

सरांनी ती मला विकत आणायला लावली, आणि वाचून झाल्यावर मला हाक मारली. चेहरा लाल झाला होता. "माझ्या पायाचं माप कोणी दिलं त्यांना?" मी म्हटलं, कादंबरी आहे सर, चप्पल नाही. "चप्पलच आहे," सर म्हणाले. "मुद्दाम शिवलीय. म्हातारा गॅलरीत फिरेल, चार चुका काढेल, त्याचं मन रमेल. मला नको असली दया."

पण कादंबरी समोर असताना न चालणं त्यांना जमणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकरचा ठक ठक आवाज गॅलरीत सुरू झाला. कादंबरीत जिथे विधवा आई दाराशी बसते तिथे आमच्या शेवटच्या खोलीतल्या आजींना बसवण्यात आलं. नळाशी कुजबुजलेलं पहिल्या खोलीत ऐकू जातं असं लिहिलं होतं, म्हणून मला नळाशी उभं करून काहीतरी गुपित कुजबुजायला सांगितलं. मी कुजबुजले की मालक या वर्षीही पगार वाढवणार नाहीत. पहिल्या खोलीतून आवाज आला, "सोड ना ती नोकरी." बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. ऊन कुठपर्यंत येतं, कोणत्या फळीवर पाय पडला की कुरकुरते, वाळत घातलेल्या साडीच्या मागून कोणाला कोण दिसतं, सगळं. सर चालत गेले, पण पेन्सिल खिशातून निघेना.

राहिलं होतं ते शेवटचं प्रकरण. त्यात त्या आईचं लग्नातलं लोखंडी कपाट मुलगे घेऊन जातात. चौघं जण ते खांद्यावर घेऊन जिना उतरतात, वळणावर आईला त्याचा आरसा एकदा चमकलेला दिसतो, आणि संपलं. ऑफिसात तो आरसा वाचून माणसं रडली होती. सर वॉकर टेकत जिन्याच्या तोंडाशी आले. खाली वळणाकडे बघितलं. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता बूट घालतील.

आमच्या जिन्यावरून लोखंडी कपाट उतरत नाही. चढतही नाही. वळणावर अडकतं. गिरगावातल्या असल्या लाकडी जिन्यांच्या चाळीत ज्या ज्या घरी कपाट आहे, ते गॅलरीच्या कठड्यावरून दोर लावून वर ओढलेलं आहे, आणि जाईल तेव्हा तसंच खाली जाईल. हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं.

मग सरांचा चेहरा उतरला. "एवढी उघड चूक," ते म्हणाले. "बाकी सगळं तोळामासा तोलून, आणि शेवटी हे? त्यांना हे माहीत नसणार? ही त्यांनी माझ्यासाठी ठेवली. आजाऱ्याला मऊ भात ठेवतात तशी." काकू म्हणाल्या, मग खा की. सर आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

आठवड्याने त्यांनी लेख लिहिला. आयुष्यातला पहिला स्तुतिपर लेख. कपाटाचा उल्लेखही नाही. शेवटचं वाक्य, 'कादंबरी निर्दोष आहे.' ताटात वाढलेली चूक उचलायची नाही, हा त्यांचा मानीपणा. लेख छापून आला त्या सकाळी मला वाटलं, आता दादरला पेढे वाटले जातील. तर सकाळीच दादरच्या गृहस्थांचा फोन. आवाज घाबरलेला.

"मास्तर कसे आहेत? खरं सांगा."

मी म्हटलं, बरे आहेत. ते म्हणाले, बरा माणूस मला निर्दोष म्हणेल का? येत्या रविवारी मला घेऊन चला.

रविवारी सकाळी टॅक्सी चाळीच्या तोंडाशी थांबली. सिल्कचा कुर्ता, काळेभोर केलेले केस, हातात काठी. पहिल्या मजल्यापर्यंत येताना त्यांना इतका दम लागला, की मला वाटलं कादंबरीचा शेवट जिन्यातच होतो की काय. ते फक्त पुढची पायरी बघत होते आणि मला हाताने थांब, थांब करत होते. इस्त्रीवाल्याने दुकान उघडं टाकून त्यांना खुर्ची आणून दिली. वर पोचल्यावर काकूंनी दार उघडलं आणि त्यांना बघून, जन्मात कधी न केलेली गोष्ट केली. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी त्या कपाटाकडे गेल्या आणि प्लास्टिकच्या कव्हरातल्या सगळ्या कादंबऱ्या सहीसाठी घेऊन आल्या. त्या गृहस्थांनी धापा टाकत सगळ्यांवर सह्या केल्या. सर हे बघत होते. घरातच एवढी फितुरी असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

"काय बिघडलंय तुमचं?" दादरच्या गृहस्थांनी शेवटी विचारलं.

"माझं काही नाही. तुमचं बिघडलंय. तुम्ही दया करायला लागलात."

"कसली दया?"

"कपाट," सर म्हणाले.

त्यांना कळेना. सरांनी समजावून सांगितलं, आणि मग मी जे बघितलं ते विसरणार नाही. तो एवढा मोठा लेखक शाळेत उत्तर चुकलेल्या पोरासारखा बघत राहिला. मग चिडला. न उतरायला काय झालं, म्हणाला. माझ्या आईचं कपाट आमच्या लालबागच्या चाळीतून जिन्यानेच उतरलं. भावाने नेलं. मी स्वतः एका बाजूने धरलं होतं. आरसा चमकला होता, मी पाहिलाय.

सर हळू आवाजात म्हणाले, "तुमचा जिना दगडी असेल. रुंद."

"जिना तो जिना. चार माणसं लावली की उतरतं."

"नाही उतरत."

"उतरतं."

"अहो, आमचं कपाट आहे ना," सर म्हणाले, आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी विरोध केला, पण सहीचं पुस्तक हातात असताना बाईला फार विरोध करता येत नाही. कपाट रिकामं झालं. साड्या पलंगावर, डांबरगोळ्या खिडकीत, सरांच्या सत्कारांत मिळालेल्या आणि कधी न वापरलेल्या शाली खुर्चीवर. मजल्यावरचे पुरुष रविवार म्हणून घरी होतेच. इतकी चांगली करमणूक कोण सोडणार? त्यांनी कपाट उचललं. दादरचे गृहस्थ काठी उंचावून "डावीकडून, डावीकडून" करत होते. सर वॉकरवर वाकून डोळे बारीक करून बघत होते. कपाट वळणावर आलं, थोडं तिरपं झालं, आणि अडकलं. पुढे जाईना. मागे घ्यायला गेले तर मागेही येईना. चक्क अडकलं.

"अडकलं," दादरचे गृहस्थ म्हणाले.

"अडकलं," सर म्हणाले. त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता ना खालून कोणी वर येऊ शकत होतं, ना वरचं कोणी खाली. सुताराला फोन झाला, तो जेवून येतो म्हणाला. त्यामुळे मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या लेखकाला त्याच्या सर्वांत जुन्या वैऱ्याकडे दुपारी जेवायला थांबावं लागलं. काकूंनी वालाचं बिरडं केलं होतं. पहिली वाढ दोघांनी संपवली. मग सरांनी भाताकडे बघत विचारलं, "खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं हो. मी मेहुणीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचो, इथे जवळच. महिनाभर बसलो. गॅलरी इंच इंच पाहिली. जिना चढताना मात्र मला पायरीशिवाय काही दिसत नाही. तुम्ही म्हणता ते वळण मी पाहिलंच नाही."

"मग गॅलरीच का घेतलीत? माझ्यासाठीच ना?"

दादरच्या गृहस्थांनी हात थांबवला. "तुमच्यासाठी? मास्तर, मला दम लागतो. मला चालवत नाही आता. बसून जेवढं दिसतं तेवढंच लिहिता येतं." थोडं थांबून ते म्हणाले, "त्या चहानंतर एकही रस्ता मी चालल्याशिवाय लिहिला नाही. मागून तुम्ही येणार हे माहीत होतं."

"ठाकूरद्वारला तीन वेळा रडायचंही चालून बघितलंत?"

"बघितलं. एकदाही रडू आलं नाही. तरी लिहिलं. तिला रडायचं होतं, मी काय करणार?"

मला भरून आलं. इतकी वर्षं ही दोन माणसं एकमेकांच्या मागेपुढे त्याच रस्त्यांनी, त्याच पुलांवरून चालली होती आणि एकदाही भेटली नव्हती. पण सरांना असलं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्यांनी ती पुन्हा विचारली. "म्हणजे चूक खरी आहे. तुमची आहे."

"माझीच आहे."

सरांनी काकूंकडे ताट पुढे केलं आणि म्हणाले, अजून भात वाढ. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून भात मागितला नव्हता. काकू वाढताना डोळे पुसत होत्या, आणि या वेळी कादंबरीमुळे नव्हे.

सुताराने जिन्याचा कठडा काढून कपाट सोडवलं, पुन्हा वर चढवलं. दादरचे गृहस्थ दिवेलागणीच्या आधी उतरले. टॅक्सीत बसण्यापूर्वी त्यांनी वर बघितलं. सर गॅलरीत उभे होते.

"कपाटावर लिहिणार आहे मी," सर वरून ओरडले.

"लिहा. नाही लिहिलंत तर मला पुन्हा हा जिना चढावा लागेल."

'अडकलेलं कपाट' हा लेख तुम्ही वाचला असेल. आधीची स्तुती मागे घेत असल्याचं सरांनी पहिल्याच ओळीत जाहीर केलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत ते गृहस्थ कपाट दोराने उतरवतील असं मला वाटलं होतं. नाही उतरवलं. चौघं जण अजून ते जिन्यानेच नेतात, जसा त्या पहिल्या कादंबरीतला चहा अजून वाफाळतो आहे.

आता नवी कादंबरी चालू आहे, आणि ती गॅलरीत मावणारी नाही. त्यामुळे चालायला मी जाते. दादरचे गृहस्थ आधी पाठवतात: करी रोडच्या पुलावरून काय दिसतं ते बघून ये, भारतमाता टॉकीजच्या कोपऱ्यावर वळताना वास कसला येतो ते सांग. सर मागाहून पाठवतील, पुस्तक आल्यावर, त्याच रस्त्याने. दुसऱ्यासाठीही मीच चालते, हे दोघांनाही माहीत नाही. माझे कॅनव्हासचे बूट आता सरांच्या बुटांशेजारी असतात.

दादरच्या गृहस्थांना मी जे बघितलं ते सगळं नीट सांगते. फक्त प्रत्येक खेपेला एक गोष्ट सांगायची राहून जाते. मागच्या आठवड्यात करी रोडच्या पुलाच्या एका टोकाला आता भिंत झालीय आणि पलीकडचं काही दिसत नाही, ही राहिली. त्यांचा नायक तिथे उभा राहून पलीकडे बघणार आहे. म्हणजे चूक त्यांचीच, आणि अगदी खरी. त्यांना तिचा पत्ताही नाही.

सर रोज विचारतात, "कादंबरी कधी येतेय?" मी म्हणते, येईल. काकूंना मी भिंतीचं सांगितलंय. सरांच्या पेन्सिलीला टोक करून त्यांनी ती टेबलावर ठेवली.